बिरगिटच्या खोलीतली फाइल

सिक्स्टन वॉलमार्कने ती फाइल बनवली तेव्हा त्याच्या मनात कॉफीशिवाय दुसरं काहीही नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे तोही स्वतःला हेच सांगत राहिला, आणि दर खेपेला ते त्याला थोडं कमी पटत गेलं.

उमेओ शहरातल्या विद्यापीठाच्या त्या वनसंशोधन विभागात सकाळचे साडेनऊ आणि दुपारचे अडीच म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या वेळी विभागप्रमुखापासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तळमजल्यावरच्या लांब टेबलाशी यायचं, कॉफी प्यायची, वेलदोड्याचा बन खायचा आणि काम सोडून बाकी सगळ्यावर बोलायचं. जो येत नाही तो एक तर आजारी किंवा रुसलेला, असा सरळ हिशेब. सिक्स्टनकडे संगणकांची देखभाल होती, पण अकरा वर्षं तो दारोदार टकटक करत लोकांना कॉफीला हाका मारायचा. हे काम त्याला कोणी दिलेलं नव्हतं. बायको केव्हाच सोडून गेलेली, घरी बोलायला कोणी नाही, तेव्हा दिवसातून दोनदा नऊ दारांवर टकटक करणं त्याला आवडायचं. पण चौपन्नाव्या वर्षी गुडघा कुरकुरायला लागला, आणि तिसरा मजला जिवावर यायला लागला.

ब्याण्णवच्या सप्टेंबरात नऊ नवी यंत्रं आली. प्रत्येकाच्या पोटात छोटा भोंगा, आणि खोक्यात एक करड्या रंगाचा मायक्रोफोन. मायक्रोफोनचं विभागात कोणाला काही काम नव्हतं. तरी सिक्स्टनने ते नऊच्या नऊ जोडून टाकले, कारण खोक्यातून आलेली वस्तू खोक्यात परत ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग त्याला कल्पना सुचली: खाली बसल्या बसल्या सगळ्यांच्या खोलीत घंटा वाजवावी.

ही यंत्रं युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीच्या गोतावळ्यातली. त्या घराण्यात सगळ्यालाच फाइल म्हणायची रीत आहे. चकती म्हणजे फाइल, छपाईयंत्र म्हणजे फाइल, आवाजसुद्धा फाइलच. फरक इतकाच, की उपकरणाच्या फाइलीत मजकूर नसतो. असतात ते दोन आकडे. पहिला सांगतो की प्रणालीच्या गाभ्यात हे उपकरण सांभाळणारा कोण, त्याला हाक मार. दुसरा सांगतो की त्याच्या ताब्यातल्या कितव्या उपकरणाशी बोलायचंय. सिक्स्टनने जागा वाचवायला प्रणाली काटछाट करून बसवली होती, त्यात आवाजाची फाइल गळून गेली होती. त्याने ती हाताने बनवली. ‘एमकेनॉड’ ही आज्ञा, फाइलीचं नाव, प्रकाराचं एक अक्षर, मग एकोणसत्तर आणि शून्य. एका यंत्राला अर्धं मिनिट लागलं.

उरली परवानगी. तिचे तीन आकडे असतात: मालकाचा, गटाचा, आणि उरलेल्या सगळ्या जगाचा. सहा म्हणजे वाचा आणि लिहा, दोन म्हणजे फक्त लिहा. घंटेला लिहिणं पुरे होतं, कारण त्या फाइलीत लिहिलेलं भोंग्यातून बाहेर पडतं. म्हणजे सहा-दोन-दोन. पण सिक्स्टनच्या बोटांना सहा-सहा-सहाची सवय जडलेली. सगळं सगळ्यांना मोकळं करून टाकलं की कोणी तक्रार घेऊन दारात उभं राहत नाही, हा त्याचा अनुभव. त्याने सहा-सहा-सहा ठोकलं. जी फाइल लिहिल्यावर बोलते ती वाचल्यावर ऐकते, मायक्रोफोन लावला असेल तर खोलीतलं सगळं ऐकते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण तेव्हा कोणाला काय पडलंय, असं त्याला वाटलं.

घंटा त्याने आईच्या गोठ्यातली घेतली, गायीच्या गळ्यातली. पहिल्या दिवशी साडेनऊला नऊ खोल्यांत ती किणकिणली आणि माणसं हसत खाली उतरली.

“म्हणजे आता आम्ही गुरं,” विभागप्रमुख ट्रिग्वे बन तोडत म्हणाला.

“गुरं वेळेवर तरी येतात,” सिक्स्टन म्हणाला, आणि त्या दिवशी तो मोठ्या खुशीत होता.

फेब्रुवारीत एकदा बिरगिट वीस मिनिटं उशिरा आली. बिरगिट तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत बसायची. पाइनच्या खोडातून काढलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि वर्षावर्षाची वलयं मोजायची, हे ती एकतीस वर्षं करत आली होती. तिने सांगितलेलं झाडाचं वय कोणी पुन्हा मोजत नसे.

“तुझी गाय माझ्याकडे आलीच नाही आज,” ती म्हणाली.

“आली असणार. तुझंच लक्ष नसेल.”

“माझ्या कानांना काही झालेलं नाही, सिक्स्टन.”

दुसऱ्या दिवशी त्याने खात्री करायचं ठरवलं. गुडघा ठणकत होता, तीन मजले चढायची इच्छा नव्हती. त्याने आपल्याच खोलीत हेडफोन चढवले, नेटवर्कवरून बिरगिटच्या यंत्रात शिरला, तिथली आवाजाची फाइल वाचायला घेतली आणि घंटा वाजवली. तिच्या खोलीत वाजलेली घंटा त्याच्या कानात परत आली. म्हणजे सगळं ठीक होतं. ते थांबवायला त्याने बोट उचललं, आणि घंटेमागून बिरगिटचा आवाज आला.

“नाही गं सीव, डावा डोळाच. सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट बघ, मधे पोटात मारल्यासारखी वाकते. काल दोन वलयं होती की तीन ते कळेना, मग ठोकून दिलं. मी ठोकून दिलं, सीव. आयुष्यात पहिल्यांदा.” मग खुर्ची करकरली. “इथे कळलं तर ट्रिग्वे फुलांचा गुच्छ देईल आणि म्हणेल, घे लवकर पेन्शन. तू कोणाला बोलू नकोस. तुझ्याखेरीज हे कोणालाच माहीत नाही.”

सिक्स्टनचं बोट तसंच अधांतरी राहिलं. पहिल्या शब्दाला ते खाली यायला हवं होतं. आलं नाही. फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत तो ऐकत राहिला, आणि मग हेडफोन काढून टेबलावर ठेवताना आपण एखाद्याच्या न्हाणीघराच्या फटीला डोळा लावून उभे होतो असं त्याला वाटलं. पुन्हा नाही, असं त्याने ठरवलं. ते ठरवणं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत टिकलं.

काळजीपोटी, असं तो स्वतःला म्हणायचा. काळजी होतीही, ती खोटी नव्हती. पण रोज सकाळी हेडफोन चढवताना त्याला जे वाटायचं ते काळजीपेक्षा बरंच सुखाचं होतं. बिरगिट काडी फिरवताना गुणगुणायची. मोजताना लाकडाला दटावायची, “सरळ राहा की मेल्या.” शाळेपासूनची मैत्रीण असलेल्या सीवला रोज फोन करायची आणि इकडचं तिकडचं सगळं सांगायची. सीव दीडशे किलोमीटरवर शेलेफ्तियोला राहायची. तिचं बोलणं सिक्स्टनला कधीच ऐकू येत नसे, फक्त मधल्या शांतता. कित्येक वर्षांत त्याच्या सकाळी इतक्या भरलेल्या नव्हत्या. हे त्याला कळत होतं, आणि कळत असूनही तो थांबत नव्हता.

मदत केली तर पाप थोडं हलकं होईल असा काहीतरी विचार त्याच्या डोक्यात आला. कोठारातला सगळ्यात मोठा स्क्रीन उचलून, गुडघ्याला शिव्या देत, तो तिसऱ्या मजल्यावर गेला.

“हा कोणाला नकोय,” तो म्हणाला. “अक्षरं पण मोठी करून देतो.”

“मला कशाला?”

“पडून राहण्यापेक्षा बरा. थांब, तिकडे नको, उजवीकडे ठेवू. उजवीकडून तुला बरं दिसेल.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. बिरगिटने स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि थँक्यू म्हणाली. इतकं कोरडं थँक्यू त्याने त्या विभागात ऐकलं नव्हतं.

खाली येऊन त्याने हेडफोन चढवले. हो, त्यानंतरही चढवले.

“तू कोणाला सांगितलंस?” बिरगिट फोनवर बोलत होती. आवाज मोठा नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. “खोटं नको बोलूस. इथल्या संगणकवाल्याला माहीत आहे कुठला डोळा ते. डोळा कुठला ते, सीव. माझ्या मुलाला पण मी सांगितलेलं नाही... तुझा भाऊ ट्रिग्वेबरोबर शिकारीला जातो की नाही? मग... नाही, तू ऐक. चव्वेचाळीस वर्षं मी तुला सगळं सांगत आले, आणि हे एक तुझ्याच्याने पोटात ठेववलं नाही. पुन्हा फोन करू नकोस मला.”

तीन मजले. गुडघा असो नसो, दोन मिनिटांत तो वर पोचला असता. ‘ती नाही, मी’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. सिक्स्टन खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. ‘कसं कळलं’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते देऊन झाल्यावर पुन्हा त्या टेबलाशी बसायचं तोंड त्याच्याकडे नव्हतं.

दुपारी कॉफीला बिरगिट त्याच्याच शेजारी येऊन बसली. इतरांचं लक्ष नाही असं पाहून हळूच म्हणाली, “स्क्रीनबद्दल तुझ्यावर राग नाही माझा. तुझ्या कानावर आलं, तू मदत केलीस. ज्याने सांगितलं त्याचा राग आहे. आणखी कोणाकोणाला माहीत आहे?”

“कोणाला नाही. माझ्याकडून जाणार नाही.”

“सीवने असं करावं.”

इथे गप्प बसणंही पुष्कळ वाईट झालं असतं. सिक्स्टन गप्प बसला नाही. “काही लोकांच्या पोटात राहत नाही,” तो म्हणाला, आणि कपात बघत कॉफी ढवळली. त्याच्या कॉफीत साखर कधीच नसायची.

त्यानंतरच्या सकाळी बदलल्या. बिरगिट फोन करेनाशी झाली. गुणगुणणं थांबलं. ती मोठ्याने मोजायची, अठ्ठेचाळीसपर्यंत जायची, थांबायची, पुन्हा एकपासून सुरू करायची. आता सिक्स्टनला ऐकण्यात कसलंच सुख नव्हतं, तरी तो ऐकत होता. आपण बिघडवलं ते आपोआप सुधारल्याचं कधीतरी कानावर पडेल अशी त्याची आशा होती. मार्चच्या मध्यावर तिला दवाखान्याचा फोन आला. “डाव्याची नजर परत येणार नाही म्हणता,” ती म्हणाली. “बरं. आणि उजव्याचं? लक्ष ठेवायचं. बरं. हो, समजलं.” फोन ठेवला गेला. मग ती रडली, आवाज दाबून, आणि पुष्कळ वेळ. तिच्याकडे सांगायला माणूस नव्हतं. तिच्या त्या दुःखाशी जगात एकच जण हजर होता, आणि तो चोर होता. सिक्स्टनला स्वतःची इतकी किळस यापूर्वी कधी आली नव्हती.

मार्चच्या अखेरीला विद्यापीठाच्या संगणक केंद्राकडून एक पत्रक आलं. अडीचच्या कॉफीला ट्रिग्वेने चष्मा चढवून ते सगळ्यांना वाचून दाखवलं. काही यंत्रांवर आवाजाच्या फाइलीची परवानगी सर्वांना मोकळी असल्याचं आढळलं आहे, त्यामुळे नेटवर्कवरची कोणीही व्यक्ती दुसऱ्याच्या खोलीतलं संभाषण ऐकू शकते, तरी सर्व विभागांनी त्वरित तपासावं, वगैरे.

“काय काय निघतं,” ट्रिग्वे म्हणाला. “सिक्स्टन, हे आपल्याला लागू आहे का?”

टेबलाभोवती अकरा माणसं होती. बिरगिट समोर होती, हात कपाकडे नेत होती, आणि तो हात कपाच्या दोन बोटं बाजूला पडला. तिने तो सहज हलवल्यासारखा करून कप धरला. कोणी पाहिलं नाही. सिक्स्टनने पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “आपल्याकडे तसं काही नाही.”

मग तो खोलीत गेला आणि नऊही यंत्रांवर परवानगी बदलली. सहा-दोन-दोन. पाच मिनिटांचं काम. आता घंटा सगळ्यांना वाजवता येणार होती आणि ऐकता कोणालाच येणार नव्हतं, एकाला सोडून. मुख्य किल्ल्या ज्याच्याकडे असतात त्याला परवानगीचे आकडे अडवत नाहीत. तो कोणतीही फाइल केव्हाही वाचू शकतो. आणि या विभागात त्या किल्ल्या त्याच्याचकडे होत्या. त्याने दार लावून घेतलं होतं, स्वतः आत राहून. घडलेल्या गोष्टीची कुठे खूणही उरली नव्हती. कोणी कधी काही सिद्ध करू शकणार नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तो उठला आणि जिना चढायला लागला.

बिरगिटचं दार उघडं होतं. ती सूक्ष्मदर्शकापाशी नव्हती, हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

“ते पत्रक,” सिक्स्टन दारातूनच म्हणाला. “आपल्याला लागू आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “खाली तू ‘नाही’ म्हणालास ते बनकडे बघून म्हणालास. वर आले, आणि बसले. म्हटलं, बघू येतोस का.” मग तिने मायक्रोफोनकडे बोट केलं. “हा?”

“हो.”

“आत्ता पण?”

त्याने पुढे होऊन यंत्रामागची वायर ओढून काढली आणि मायक्रोफोन तिच्यासमोर ठेवला. तिने त्याला हात लावला नाही.

“कधीपासून?”

“दहा फेब्रुवारीपासून.”

“रोज?”

“बहुतेक रोज.”

ती मागे मागे मोजत गेली, काडीवरची वर्षं मोजावीत तशी. “दवाखान्याचा फोन आला तो दिवस त्यात आला.”

“हो.”

“नंतर मी रडले.”

“हो.”

“तेव्हा तू काय केलंस?”

जिन्यावर त्याने पुष्कळ उत्तरं जुळवली होती. सवयीचं, काळजीचं, गुडघ्याचं. त्यातलं एकही त्याने काढलं नाही. “काही नाही,” तो म्हणाला. “ऐकत बसलो.”

“आणि सीवला मी काय काय बोलले ते?”

“तेही.”

“आणि मग खाली येऊन मला सांगितलंस, काही लोकांच्या पोटात राहत नाही.”

“माझं चुकलं, बिरगिट. मी ट्रिग्वेला सांगतो. आजच सांगतो. तुझ्या डोळ्याचं नाही, माझं फक्त. तू म्हणशील ते...”

“थांब. तुझं पुढचं मला आत्ता ऐकायचं नाही. बस त्या खुर्चीवर.”

तो बसला. तिने फोन जवळ ओढला, डोकं किंचित डावीकडे वळवून उजव्या डोळ्यासमोर आकडे आणले आणि एकेक दाबला. सिक्स्टन उठायला लागला.

“मी बाहेर थांबतो.”

“का? तुला सवय आहे की.” मग ती फोनमध्ये म्हणाली, “सीव, मी आहे. ठेवू नकोस. एवढं ऐक, मग ठेव.”

पुढची पाच मिनिटं तो त्या खुर्चीत बसून होता. बिरगिट माफी मागत होती. जे तिने स्वतःहून केलं नव्हतं, ज्यात तिला ढकललं गेलं होतं, त्याची. चव्वेचाळीस वर्षांत मी तुला इतकं घाण कधी बोलले नव्हते, ती म्हणत होती. मला वाटलं तूच, दुसरं कोण असणार, मला दुसरं कोणी आहे का. सुरुवातीला तिचं सगळं बोलणं तो मिटक्या मारत ऐकत आला होता. आता त्याला कान बंद करावेसे वाटत होते, आणि तिच्या समोर बसून ते करता येत नव्हतं.

बिरगिटने फोन त्याच्यापुढे धरला. “घे. ती म्हणते, त्याच्याच तोंडून ऐकायचंय.”

त्याने फोन कानाला लावला. पलीकडे कोणाचा तरी श्वास होता.

“मी सिक्स्टन,” तो म्हणाला. “तू कोणाला काही सांगितलं नव्हतंस. मी तिच्या खोलीतलं चोरून ऐकत होतो. ती तुझ्यावर चिडली तेव्हाही ऐकत होतो, आणि गप्प बसलो. वर तुझ्यावरच ढकललं.”

सीवचा आवाज आला, त्याला वाटला होता त्यापेक्षा म्हातारा आणि जाडा.

“तुझं मला काही करायचं नाही,” ती म्हणाली. “ती डॉक्टरकडे गेली का? काय म्हणाले? मी विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणेल, मी ओळखते तिला. तुला खरं माहीत असेल. सांग.”

त्याला खरंच माहीत होतं, अगदी शब्दान्‌शब्द. जी मैत्रीण हे ऐकायला हवी होती तिला ते माहीत नव्हतं, आणि त्याला होतं. समोर बिरगिट डोकं तिरकं करून त्याच्याकडे बघत होती. सीव काय म्हणाली ते तिला ऐकू आलेलं नव्हतं.

“माहीत आहे मला,” सिक्स्टन फोनमध्ये म्हणाला. “पण मला ते माहीत असायचं कारण नव्हतं. तिलाच विचार. ‘बरी आहे’ म्हणाली तर परत विचार.”

त्याने फोन बिरगिटच्या हातात दिला, ती पकडेपर्यंत सोडला नाही, आणि दार ओढून घेऊन बाहेर गेला. दारामागून तिचा आवाज लगेच सुरू झाला. सिक्स्टन तिथे थांबला नाही. शब्द कळेनासे होईपर्यंत तो चालत राहिला, आणि मग ट्रिग्वेच्या दारावर त्याने टकटक केली.